बाहेर बसलेला बाद होत नाही

भारतीय संघात खेळाडू पंधरा असले, तरी मोठ्या स्पर्धेआधी देशभर चर्चा होते ती सोळाव्याची. संघ जाहीर होण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत याच गृहस्थाच्या फॉर्मवर, फिटनेसवर आणि वयावर आपण यथेच्छ तोंडसुख घेतलेलं असतं. यादीत त्याचं नाव नाही असं कळलं रे कळलं, की त्याचे सगळे दोष एका रात्रीत झडतात. त्याचं फुटवर्क सुधारतं, थ्रो थेट स्टंपात येऊ लागतो, वयसुद्धा चार वर्षांनी उतरतं. सकाळी दूध घ्यायला खाली उतरावं, तर दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचं एकमत झालेलं असतं: "त्याला घेतलं नाही? मग कप विसरा."

याचं कारण अगदी साधं आहे. संघात घेतलेल्या खेळाडूला खेळावं लागतं, आणि तिथेच त्याचं बिघडतं. बाहेर बसलेला शून्यावर बाद होत नाही, सीमारेषेवर झेल सोडत नाही, अठराव्या षटकात वाइड टाकत नाही. त्याची सरासरी दर पराभवानंतर वाढत जाते.

आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची या सिद्धांतावर अढळ श्रद्धा आहे. काका निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचवली, आता स्वतःचं मत निवड समितीपर्यंत पोचत नाही, हे त्यांचं दुःख. २०१९ चा विश्वचषक हा त्यांचा सुवर्णकाळ. चौथ्या क्रमांकासाठी अंबाती रायुडूला वगळून विजय शंकरला घेतलं, कारण तो फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण अशा तिन्ही मितींत उपयोगी आहे, असं निवड समितीनं सांगितलं. त्यावर रायुडूनं स्पर्धा बघण्यासाठी थ्रीडी चष्मा मागवल्याचं जाहीर केलं. काकांना इतका आनंद त्यांच्या बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

पुढे मँचेस्टरला पाकिस्तानविरुद्ध भुवनेश्वर जखमी होऊन बाहेर गेला, त्याचं अर्धवट षटक पुरं करायला विजय शंकर आला, आणि विश्वचषकातल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्यानं इमाम उल हकला पायचीत केलं. टीव्हीसमोर एकच जल्लोष झाला. काका मात्र शांत. "एका चेंडूवर माणसाची पारख होत नसते," म्हणाले. हेच काका रिषभ पंतची पारख त्याच्या चालण्यावरून करतात.

मग त्याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्धची उपांत्य फेरी आली. २४० धावांचं लक्ष्य. रोहित १, राहुल १, कोहली १. तिघांच्या मिळून तीन धावा आणि धावफलक ३ बाद ५. त्या दिवशी आमच्या जिन्यात रायुडूनं जी खेळी केली, तशी चौथ्या क्रमांकावर कुणाचीच झालेली नाही. काकांच्या हिशेबानं तो ८० वर नाबाद होता. आपण हरलो फक्त १८ धावांनी, म्हणजे रायुडूनं सामना आरामात काढला असता. विजय शंकर तेव्हा दुखापत होऊन घरी परतला होता आणि रायुडूनं निवृत्ती जाहीर केली होती, या किरकोळ बाबींनी काकांच्या गणितात फरक पडला नाही.

भारतीय क्रिकेट मंडळाची निवड समिती पाच जणांची असते. आपल्या समितीला सदस्यसंख्येची मर्यादा नाही आणि सभेला कोरमही लागत नाही. विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळवून अर्ध्या मांडीवर टेकलेला माणूस उभ्या असलेल्या माणसाला तिसरा फिरकीपटू का हवा ते समजावत असतो. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा येईपर्यंत सलामीची जोडी बदललेली असते. तेराव्याच्या जेवणालाही "गेलेल्यांना बुमराह फार आवडायचा" अशी एक हळवी सुरुवात मिळाली, की श्रीखंडापर्यंत डेथ ओव्हर्सचा प्रश्न मार्गी लागतो. मात्र सर्वांत एकमुखी निर्णय होतात ते सलूनमध्ये. दाढी करणाऱ्याचं मत तिथे अंतिम. वस्तरा गळ्यावर असताना शुभमन गिलची बाजू घेणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

या समितीतल्या ज्येष्ठ सदस्यांचा एक वेगळा गट असतो. आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांनी १९७१ साली वाडेकरांचा संघ परदेशात जिंकून आलेला पाहिला. त्यानंतर जे काही चाललंय त्याला ते क्रिकेट मानत नाहीत. पण बघतात सगळं, तेही हायलाइट्ससकट. त्यांचा आग्रह एकच, एक बाजू लावून धरणारा फलंदाज हवा. एकदा नातवानं मोबाइलवरून शोधून काढलं आणि विचारलं, "आजोबा, १९७५ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडनं ३३४ केल्या होत्या. आपले गावसकर ६० ओव्हर उभे राहिले आणि ३६ काढल्या. काय उपयोग?"

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आउट झाला का?"

"नाही, नॉटआउट."

"मग?"

नातू अजून उत्तर शोधतोय. लॉर्ड्सवरचा तो सामना आपण २०२ धावांनी हरलो, हे आजोबांना पटवता येत नाही, कारण त्यांच्या मते तो सामना दुसऱ्या बाजूनं हरला.

तिसरा गट प्रांतवाल्यांचा. मुंबईकराच्या मते भारतीय संघ म्हणजे मुंबई अधिक बुमराह, आणि बाकीच्या जागा सौजन्य म्हणून इतरांना द्याव्यात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तर अजूनही "खडूसपणा कमी पडतोय" एवढ्या एकाच निदानावर कुठल्याही पराभवाची चिकित्सा संपते. पुणेकर मुंबईकराशी वाद घालत नाही. तो एवढंच म्हणतो, "ऋतुराजचं तंत्र बघा एकदा," आणि पुढचं बोलायची समोरच्याची लायकी नाही अशा मुद्रेनं चहा पितो. २०१९ मध्ये केदार जाधवला उपांत्य फेरीत बाहेर बसवलं होतं. त्या पराभवाची खरी मीमांसा पुण्यात तेवढीच आहे. श्रीरामपूरला झहीर खानच्या नंतर डावखुरा वेगवान गोलंदाज झालेलाच नाही. सांगलीला हा प्रश्नच पडत नाही. स्मृती मानधना संघात आहे म्हटल्यावर उरलेल्या दहा कोण याची तिथे कुणी फारशी चौकशी करत नाही.

या सर्व गटांमध्ये एक गोष्ट समान. संघात कुणाला घ्यायचं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. कुणाला काढायचं हे कुणीच सांगत नाही. काकांच्या संघाची यादी मी एकदा कागदावर उतरवून घेतली. आठवा फलंदाज हवा, सहावा गोलंदाज हवा, जादा यष्टिरक्षक हवा, एक गूढ फिरकीपटू हवा आणि "वेळ पडली तर असू दे" म्हणून आणखी एक अष्टपैलू. काकूंनी माळ्यावर फुटकी सुटकेससुद्धा याच कारणासाठी ठेवली आहे. मोजले तर चौदा भरले. "काका, मैदानात अकराच उतरतात. तीन कमी करा." काकांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "ते कॅप्टननं बघायचं."

कॅप्टननं बघायचं आणि आपण कॅप्टनकडे बघायचं, अशी ही विभागणी आहे. २ एप्रिल २०११ ची रात्र. वानखेडेवर अंतिम सामना, श्रीलंकेच्या २७४, आपली तिसरी विकेट ११४ वर पडली आणि युवराजच्या जागी धोनी पायऱ्या उतरू लागला. त्या स्पर्धेत तोवर त्याचं एकही अर्धशतक नव्हतं, आणि युवराज तर भरात होता. मुरलीधरनसमोर दोन डावखुरे नकोत, असा त्यामागे विचार होता. पण हे कळेपर्यंत इमारतीतल्या चार बिऱ्हाडांनी धोनीला वेड्यात काढलं होतं. काकांनी तर टीव्हीकडे पाठ केली. नाबाद ९१ आणि शेवटचा तो षटकार झाल्यावर काका वळले आणि म्हणाले, "याला वर पाठवा म्हणून मी कधीपासून सांगतोय." आठ वर्षांनी मँचेस्टरला तोच धोनी सातव्या क्रमांकावर आला, तेव्हा काका ओरडले, "वर का नाही आला?" वर का आला आणि वर का नाही आला, या दोन प्रश्नांच्या दरम्यान काकांची पेन्शन दोनदा वाढली.

हरल्यावर दोष देण्यासाठी आणि जिंकल्यावर श्रेय घेण्यासाठी भाकीत आधी केलेलं असणं आवश्यक नसतं, हे आपल्या समितीच्या शास्त्राचं पहिलं सूत्र. दुसरं सूत्र, भाकीत करायचंच झालं तर खोटं ठरता येणार नाही असं करावं. "ही जोडी फुटली तर मॅच आपली." "पहिल्या दहा ओव्हर महत्त्वाच्या." "दव पडलं तर अवघड आहे." या तीन वाक्यांवर कोणताही माणूस आयुष्यभर जाणकार म्हणून मिरवू शकतो, काहींना तर त्यासाठी कॉमेंटरी बॉक्समध्ये खुर्चीही मिळते.

इंग्रज मात्र या बाबतीत कच्चे. १९८३ च्या विश्वचषकाआधी विस्डेन क्रिकेट मंथलीचे संपादक डेव्हिड फ्रिथ यांनी भारतासारख्या संघांच्या योग्यतेवर शंका घेणारा मजकूर छापला. सट्टेवालेही आपल्याला ६६ ला १ असा भाव देत होते. मग २५ जूनला लॉर्ड्सवर १८३ धावांत सर्वबाद होऊनही आपण वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवलं, आणि एका वाचकानं फ्रिथ यांना शब्द गिळायला सांगितलं. त्या सज्जन माणसानं तो छापील कागद खरोखर खाल्ला! ही प्रथा आपल्याकडे आली, तर महाराष्ट्रात वडापाव बांधायला कागद शिल्लक राहणार नाही.

शास्त्राची वरची पायरी म्हणजे नेट रन रेट. शाळेत ज्यांचा भागाकार शेवटपर्यंत सुटला नाही, ती माणसं स्पर्धेच्या तिसऱ्या आठवड्यात तोंडी दशांश काढू लागतात. आपल्या प्रतिषटक धावांतून समोरच्याच्या प्रतिषटक धावा वजा करायच्या. आणि संघ सर्वबाद झाला तर त्यानं खेळलेली षटकं न धरता पूर्ण कोटा धरायचा. या शेवटच्या कलमावर आमच्या गच्चीत दोन कुटुंबांमध्ये महिनाभर अबोला झालेला आहे.

२०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात या गणिताचा कळस झाला. पाकिस्ताननं आपल्याला दहा विकेटनी हरवलं, न्यूझीलंडनं आठ विकेटनी. मग आपण अफगाणिस्तानला हरवलं आणि स्कॉटलंडच्या ८५ धावा ६.३ षटकांत पार करून रन रेट आभाळात नेऊन ठेवला. आता अफगाणिस्ताननं न्यूझीलंडला हरवायला हवं होतं. ७ नोव्हेंबरच्या दुपारी आमची अख्खी सोसायटी अफगाण झाली. नजीबुल्ला झादरान हे नाव सकाळपर्यंत कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. तो चौकार मारू लागला तसा पाचव्या चौकारापर्यंत "आपला नजीब" झाला. त्याच्या ७३ धावा झाल्या, बाकीच्यांनी हात टेकले, आणि न्यूझीलंडनं १२५ धावांचं लक्ष्य दोनच गडी गमावून गाठलं. काका उठले, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "अफगाणिस्तानची टीम सिलेक्शनमध्ये चुकली."

एवढे सगळे तज्ज्ञ एकीकडे आणि दैव एकीकडे. २०२३ च्या विश्वचषकात पहिले चार सामने मोहम्मद शमी बाहेर होता. आठव्या क्रमांकावर थोडी फलंदाजी हवी म्हणून शार्दूल ठाकूर खेळत होता, आणि पालघरपासून चर्चगेटपर्यंत हा विषय पश्चिम रेल्वेच्या प्रत्येक डब्यात रोज दोनदा चर्चिला जात होता. निर्णय होत नव्हता. मग गहुंज्याला बांगलादेशविरुद्ध गोलंदाजी करताना हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला. पुढच्या सामन्यात हार्दिक आणि शार्दूल दोघांच्या जागा मोकळ्या झाल्या, शमी आत आला, आल्या आल्या पाच बळी घेतले, आणि स्पर्धेच्या शेवटी सात सामन्यांत २४ बळी घेऊन सर्वांच्या पुढे उभा राहिला. निवड समिती, कर्णधार, प्रशिक्षक आणि विरार लोकल यांना जे ठरवता आलं नाही, ते एका घोट्यानं ठरवलं.

आपण ओळीनं दहा सामने जिंकलो. हे दिवस समितीला फार जड गेले. जिंकणाऱ्या संघात बदल सुचवणं म्हणजे अपशकुन, त्यामुळे काकांचा वेळ जाईना. त्यांनी बाल्कनीतल्या कुंड्यांची जागा तीनदा बदलली. १९ नोव्हेंबरला अहमदाबादला ट्रॅव्हिस हेडनं १३७ धावा ठोकल्या आणि काकांना कंठ फुटला. "हेड डावखुरा. डावखुऱ्याला अश्विन लागतो. अश्विन कुठे बसलाय? बाहेर!" अश्विन बाहेर बसून त्या रात्री जी गोलंदाजी करत होता, तिला तोड नव्हती.

मात्र या सिद्धांताची खरी परीक्षा झाली ती २०२५ च्या महिला विश्वचषकात. स्पर्धा सुरू होताना आमच्या इमारतीत संघातल्या पाच जणींचीही नावं कुणाला सांगता आली नसती. इंदूरला इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्सला बसवलं आणि आपण चार धावांनी हरलो. झालं! दुसऱ्या दिवशी दाढी करताना सलूनमध्ये सहावा गोलंदाज आणि जेमिमा यावर परिसंवाद. मुलींचं क्रिकेट आता खऱ्या अर्थानं देशात रुजलं, हे मला त्या दिवशी कळलं. कौतुक तर शब्दांत भागतं; माणूस सकाळी उठून संघनिवडीवर चिडतो, तेव्हा त्याची निष्ठा पक्की झालेली असते.

जेमिमा परतली. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिला तिसऱ्या क्रमांकावर धाडलं, आणि तिनं नाबाद १२७ काढून सामना जिंकून दिला. त्याआधीच सलामीची प्रतीका रावल दुखापतीनं बाहेर गेली होती. तिच्या जागी शफाली वर्मा आली. मूळ पंधरात ती नव्हतीच, राखीव यादीतही नव्हती. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर अंतिम सामन्यात शफालीनं ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले, आणि भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. "बघा," काका म्हणाले, "मी म्हणतो ते हेच. बाहेर बसलेल्यातच दम असतो."

या वेळी काकांचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं, कारण त्या संघाचा प्रशिक्षकच अमोल मुझुमदार होता. सोळाव्या माणसांचा हा मूळपुरुष. १९८८ साली शाळेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता तो हाच. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताकडून सामने शून्य. निवड समितीवर चिडण्याचा हक्क या देशात खरोखर कुणाला असेल तर याला. आणि त्याच्या हाती संघ आल्यावर झालं काय? जेमिमाला बाहेर बसावंच लागलं. ज्याचं उभं आयुष्य बाहेर बसण्यात गेलं, त्यालाही अकराव्या नावाच्या पुढे रेघ मारावीच लागते. काकांना मी हे सांगून पाहिलं. ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "पण त्याला नंतर कळलं ना? आमच्या समितीला आधीच कळलं होतं."

जिंकल्यानंतर तरी वाद थांबेल, असं मला वाटलं होतं. पण प्रतीका रावल चाकाच्या खुर्चीतून जल्लोषात आली आणि तिच्या गळ्यात पदक नव्हतं. स्पर्धेत ३०८ धावा केलेल्या मुलीचं नाव शेवटच्या पंधरात नाही, म्हणून नियमानं पदक नाही. काका भडकले, आजोबा भडकले, सलूनवाल्यानं वस्तरा खाली ठेवला. आमच्या समितीच्या इतिहासात प्रथमच सर्व गट एका बाजूला होते आणि प्रथमच सगळे बरोबर होते. नंतर तिच्यासाठी पदकाची सोय झाली. मागणी चक्क मान्य झाल्याचं कळल्यावर काका गोंधळून गेले. आपलं म्हणणं वरच्यांनी ऐकलं, तर पुढे काय करायचं असतं याचा त्यांना अनुभवच नव्हता.

पण चहात्यांची काळजी क्रिकेट मंडळालाही असते. त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटी मालिकेसाठी पुरुषांचा संघ जाहीर झाला. काकांनी चष्मा लावून यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. शमीचं नाव नव्हतं. काकांनी शर्टाची बटणं लावली, पायात चपला सरकवल्या आणि ताज्या दमानं जिना उतरू लागले.